वीस प्रश्नांचं गाऱ्हाणं

सातवीनंतर माझी शाळा सुटली. कोणी सोडवली असं नाही, आणि मी फार रडले असंही नाही. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि आईला घरात हात हवा होता. पण तेव्हापासून कोणी छापील कागद पुढे केला की माझ्या पोटात गोळा येतो. आधी तळवे ओले होतात, मग अक्षरं जागची हलल्यासारखी वाटतात. अशा माझ्या हातात एके दिवशी पन्नास कोरे फॉर्म आले. तेही कशाचे, तर लोकांच्या मनात काय चाललंय ते लिहून घेण्याचे. आजही आठवलं की मला हसू येतं.

मी तेव्हा करी रोडला मावशीकडे राहत होते. आईची ही धाकटी बहीण चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खाणावळ चालवायची. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिच्याकडे दोन पाळ्यांचे मिळून चाळीस जण जेवायचे. तिच्या हाताला आराम हवा म्हणून मला गावाहून बोलावून घेतलं, आणि मी आले त्याच वर्षी संप झाला. म्हणजे आराम आपोआपच झाला! आता त्याला तीनेक वर्षं उलटली होती. संप मिटला असं कोणी कधी सांगितलं नाही. माणसं हळूहळू इकडेतिकडे लागली. कोणी माझगावला गोदीत, कोणी भाजीच्या गाडीवर, कोणी गावी. जेवायला दहा-बारा जण उरले होते.

आणि घरात काका होते. मावशीचे यजमान. गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर, बावीस वर्षं काढलेला माणूस. आवाज असा की साच्यांच्या खडखडाटातही पलीकडच्या रांगेतल्याला हाक ऐकू जावी. संपानंतर पहिलं वर्ष ते मोर्चे, सभा, सगळीकडे गेले. मग जाणं थांबलं, आणि मग बोलणंही. 'हो', 'नको', 'पाणी दे', एवढंच. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि तांदूळ निवडायचे. हात चालू असले की त्यांना बरं वाटतं, हे मावशीने ओळखलं होतं. दहा जणांच्या भाताला असा किती तांदूळ लागणार? म्हणून मावशी निवडलेल्या तांदळात मूठभर खडे परत मिसळायची आणि सूप त्यांच्यापुढे सरकवायची. मी हे एकदा बघितलं. तिने बोट ओठांवर ठेवलं आणि मीही गप्प बसले.

हे बाहेर कुणाला कळता कामा नये, असा घरात नियम होता. कुणी विचारलं तर काकांची कंबर धरली आहे, असं सांगायचं. मावशीला दोन भीती होत्या. एक, लोक त्यांना ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकतील. दुसरी त्याहून मोठी. काका आमच्या गावकीचे गाऱ्हाणं घालणारे होते. आमच्याकडे पूजा असो, गणपती असो, एक जाणता माणूस उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला खड्या आवाजात सांगतो की बाबा, असं असं झालंय, संभाळून घे. आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा!' म्हणून होकार भरतात. हा मान काकांच्या घराण्याचा. गेल्या दोन वर्षांच्या पूजेला कंबरेचं कारण सांगून ते बाहेर आले नव्हते. माणूस डोक्याने गेला असं एकदा गावात पोचलं असतं, तर तो मान पुन्हा कधीच त्यांच्याकडे आला नसता.

अशा घरात डॉक्टरबाई जेवायला आल्या.

त्या माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मूळच्या पुण्याकडच्या, बोलणं स्वच्छ, धुतलेल्या भांड्यासारखं. मनाच्या आजारांचा अभ्यास करत होत्या. गिरण्या बंद पडल्यावर कामगारांच्या घरात माणसांच्या मनाचं काय झालं, आणि त्यातूनही ती तगली कशी, हे त्यांना घरोघर जाऊन विचारायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी जेवता जेवता मावशीला विचारलं, "तुम्हाला अलीकडे औदासीन्य जाणवतं का?"

मावशी म्हणाली, "आमच्यात नाय ता. वरच्या माळ्यार इचारून बघा."

मी भात वाढता वाढता हसले आणि बाईंना सांगितलं, "असं नाही विचारायचं. 'जेवण गोड लागता काय?' असं विचारा." बाईंनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी त्या मला मदतनीस म्हणून मागायला आल्या. सातवी शिकलेली आहे म्हणून मी तीनदा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी बरंच शिकले आहे, पण मला एकही बाई उत्तर देत नाही." आणि त्यांनी मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. मावशीच्या घरात खुर्ची एकच होती, ती पाहुण्यांची. मी तिच्या कडेवर टेकले. आतून एवढं भरून आलं की पाय जमिनीला लागतायत का नाही ते कळेना.

फॉर्म असा होता. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन. झोप लागते का, रडू येतं का, हातून काही होत नाही असं वाटतं का, वगैरे. कामाला लागण्याआधी बाई म्हणाल्या, "सवय व्हावी म्हणून आधी तुमचा स्वतःचा भरा." मी सगळ्याच वाईट प्रश्नांना 'नाही'वर खूण केली. घरात कोणी आजारी आहे का? नाही. बाईंनी कागद बघितला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "अभिनंदन. मुंबईतल्या सगळ्यात सुखी बाई तुम्हीच." मला त्या चेष्टा करतायत हे कळलं आणि कानापर्यंत गरम झालं. पण त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

काम मोठं मजेचं निघालं. फॉर्मवर लिहिलं होतं की उत्तरं एकांतात घ्यावीत. चाळीत एकांत! दिवसाढवळ्या चाळीत दार लावलं, तर एक तर आत भांडण आहे किंवा कोणी गेलं आहे. आम्ही एका घरी दार लोटून घेतलं, तर दोन मिनिटांत बाहेर सहा बायका जमल्या आणि एकीने तर रडायलाही सुरुवात केली होती. शेवटी दारं उघडी ठेवून विचारायचं ठरलं. मग एकीला प्रश्न विचारला की उत्तर चौघी द्यायच्या. "हिला झोप येते का?" "मस्त येते, घोरते ना!" "मी नाय, तो घोरतो." "मग तुला झोप येते कशी?" प्रत्येक घरी चहा व्हायचाच. तिसऱ्या दिवशी बाईंनी अकरा कप चहा प्यायला, आणि त्या रात्री त्यांना स्वतःलाच झोप लागली नाही म्हणे.

हसायला यायचं खूप, पण कागदावर सगळ्या चौकोनांत 'नाही' जमत चाललं होतं. आम्हाला काही होत नाही. आमच्याकडे सगळं ठीक आहे. बाई संध्याकाळी कागद चाळायच्या आणि पेन्सिल कानावर खोचून खिडकीबाहेर बघत राहायच्या. मला वाटायचं, ही सगळी माझीच लागण आहे. पहिला खोटा कागद माझाच होता ना!

मग आमच्या मजल्याची पाळी आली. रविवार होता, सकाळची वेळ. पुरुषमंडळीही घरी होती. त्याच दिवशी धुळीने बाईंचा घसा पार बसला. त्यांनी खुणेने सांगितलं की आज तुम्हीच विचारायचं, आणि दारोदार हिंडण्यापेक्षा सगळ्यांना गॅलरीत बसवून एकदमच प्रश्न वाचून घ्या, खुणा मागाहून एकेकाच्या करू.

एक तर पंचवीस-तीस माणसं समोर. वर आमच्याच खोलीच्या दारापुढे. आणि आत काका. मावशी दारात अशी उभी राहिली होती की आतलं काही दिसू नये. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं, एक शब्द जास्त बोललीस तर बघ.

मी आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभी राहून बोलले नव्हते. शाळेत कवितासुद्धा बसूनच म्हटलेली. जमलेल्या माणसांपुढे गंभीर काही बोलायचं तर ते कसं बोलतात, हे मी एकाच ठिकाणी ऐकलं होतं. तसाच सूर माझ्या तोंडातून आपोआप निघाला. फॉर्म दोन्ही हातांत घट्ट धरून, डोळे मिटून मी पहिला प्रश्न वाचला, पण आपल्या भाषेत आणि त्या चालीत: "रातीची झोप येना नाय असा होता काय, म्हाराजा?"

मग पलीकडच्या खोलीतली वहिनी, जिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, ती ओरडली, "व्हय म्हाराजा!"

गॅलरी हसून फुटलीच. पोरं नाचायला लागली. मी घाबरून दुसरा प्रश्न वाचला, "उगीच्या उगीच रडाक येता काय, म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" आता दहा आवाज.

"कामात लक्ष लागना नाय काय?"

"व्हय म्हाराजा!" आता सगळे. पुरुषसुद्धा. मला थांबता येईना. थांबले तर रडू येईल अशी माझी गत. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि तोंडावर रुमाल धरला होता. त्या हसतायत का रागावल्यात, मला दिसेना. मधे एक प्रश्न उलटा होता, 'तुम्ही आनंदी आहात का?' त्यालाही सगळ्यांनी तेवढ्याच जोरात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. एक म्हातारबाबा म्हणाले, "अरे, आधी रडाक येता म्हटलास, आता आनंदी?" वहिनी म्हणाली, "दोन्ही होता! तुमका नाय होना?" त्यावर आणखी हशा.

असं करत अठराव्या प्रश्नावर आले. चाल तीच होती, म्हणून मी पुढचं न बघता वाचून टाकलं. वाचल्यावर कळलं काय वाचलं ते. "जीव नकोसो झालो असा वाटता काय, म्हाराजा?"

कोणी काही बोललं नाही. वहिनीसुद्धा नाही. लोकांनी खाली बघितलं. खालून हातगाडीवाल्याची हाक आली आणि विरून गेली.

आणि मावशीच्या पाठीमागून, आतल्या खोलीतून, आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

एकच आवाज. मोठा नव्हता. पण तो कुणाचा, हे प्रत्येकाला कळलं, कारण तो दोन वर्षांत घराबाहेर कोणी ऐकला नव्हता. मावशीने चौकट धरली. मी मनात म्हटलं, संपलं. ज्या एका गोष्टीवर या घराने पांघरूण घातलं होतं, ती मीच अख्ख्या मजल्यापुढे उघडी केली.

काका बाहेर आले. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. उन्हाने डोळे बारीक केले त्यांनी. मावशीच्या खांद्याला धरून तिला हळूच बाजूला केलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"काय गो," ते म्हणाले, "गाऱ्हाणा असा घालतत? डोळे मिटून? पळापळ करून? आधी देवाक हाक मारूक व्हयी. तो खय आसा ता तरी बघ."

मी म्हटलं, "चुकलं, काका."

"चुकलाच. सरक."

मी सरकले. काकांनी हात जोडले, घसा साफ केला. पहिला शब्द नीट फुटला नाही. त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गॅलरीने असा होकार भरला की वरच्या माळ्यावरची माणसं कठड्यावरून वाकली.

"आज ही शिकलेली बाई आमच्या दारात इली हा. आमचा कसा चल्ला हा, ता इचारता हा."

"व्हय म्हाराजा!"

"आमका सांगूक येना नाय. तोंड उघडूक लाज वाटता."

"व्हय म्हाराजा!"

"जेका झोप नाय, तेका झोप दी. जेचे हात रिकामी आसत, तेच्या हाताक काम दी. जो कोणाशी बोलना नाय, तेका बोलतो कर."

"व्हय म्हाराजा!" इथे कितीतरी आवाज चिरकले. मला दिसत होतं, पुढे बसलेला एक मोठा माणूस बाहीने डोळे पुसत होता, आणि त्याची बायको त्याच्याकडे न बघता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आनि ह्या चेडवान," काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "गाऱ्हाण्याची जी काय वाट लावली हा, ती चूकभूल पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" म्हणता म्हणता सगळे हसत सुटले, आणि मीही. हसताना रडतही होते. मावशी तर पदर तोंडात कोंबून मटकन उंबऱ्यावर बसली होती.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. वहिनी उठली, मावशीशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसली आणि नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली, "माज्या घोवाचापण असाच हा. मी सांगतंय, गोदीत रातपाळी करता म्हणान दिवसा झोपता. खय रातपाळी नि खय काय! दिवसभर डोक्यार चादर घेवन पडलेलो आसता." मावशीने तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका भिंतीआड राहून दोघी एकमेकींना कंबर आणि रातपाळी सांगत आल्या होत्या! पहिल्यांदा मावशी हसली. मग वहिनी हसली. मग दोघींनी एकमेकींच्या मांडीवर थापा मारल्या. त्यानंतर त्या गॅलरीत कोण कुणाला काय सांगत होतं याचा हिशोबच नव्हता. बाई एकीकडून दुसरीकडे फिरत होत्या. घसा बसलेला, त्यामुळे नुसतं ऐकत होत्या. मला वाटतं, त्याचाही उपयोग झाला.

दुपारी एकेकाच्या खुणा करून मी आमच्या मजल्याचे फॉर्म बाईंपुढे ठेवले. "सगळे हो," मी म्हटलं. "अठरावा सोडला तर एकूण एक. आनंदी आहात का, तेसुद्धा हो. मी तुमचा अभ्यास बुडवला."

बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "हो, हे बादच करावे लागणार." मग गालात हसल्या. "पण गेल्या दोन आठवड्यांत मला जेवढं कळलं नव्हतं, तेवढं आज कळलं. पुन्हा विचारू. आता ते सांगतील." थोडं थांबून त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. "तुमच्यापासून सुरुवात करूया का?"

या वेळी मी खरा भरला. गावाची आठवण येते का, रडू येतं का, भीती वाटते का. माझ्या खुणा बघून बाई म्हणाल्या, "आता मुंबईतल्या सगळ्यात सुखी बाई नाही राहिलात." मी म्हटलं, "नसू दे." आणि खरंच, पोटातला गोळा जरा सैल झाल्यासारखा वाटला.

काकांचा प्रश्न मात्र राहिलाच होता. अठराव्या प्रश्नाला ते हो म्हणाले होते, आणि ते हसण्यावारी न्यायचं नाही, हे बाईंनी त्याच दिवशी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं. परळला त्यांच्या ओळखीचे डॉक्टर बसतात, तिथे दाखवू या. ठाणं नाही, कोंडून ठेवणं नाही. बोलायचं, गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचं. मावशीची पहिली भीती अजून तशीच होती. बाईंच्या तोंडून ऐकून ती जाणार नव्हती. शेवटी काकाच म्हणाले, "जातंय मी. पन हिका नको. चेडवाक घेवन जातंय." मावशीला न्यायचं नाही, कारण ती तिथे रडेल आणि मग डॉक्टर तिलाच आधी तपासतील, असं त्यांचं म्हणणं. ही त्यांची मला आठवणारी संपानंतरची पहिली चेष्टा.

सोमवारी आम्ही दोघं चालतच निघालो. काकांनी दाढी केली होती, सदऱ्याला मावशीने बटण लावून दिलं होतं. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. मला धाकधूक, की दारातून परत फिरतात की काय. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर ही गर्दी! आम्हाला एका बाकाच्या टोकाला जागा मिळाली. काका मान खाली घालून बसले. मी केसपेपर मुठीत चुरगळत होते.

शेजारी त्यांच्याच वयाचा एक माणूस बसला होता. त्याने काकांच्या बोटांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "साचे खातं?"

काकांनी मान वर केली. "तुम्ही?"

"बावीस नंबरचा साचा, रात्रपाळी." त्याने आपल्या गिरणीचं नाव सांगितलं. आमच्या चाळीतून काकांच्या गिरणीची चिमणी दिसायची, तिच्या पलीकडची.

"हां," काका आपल्या गिरणीचं नाव सांगून म्हणाले. "धोतरं काढायचात तुम्ही. दोन धुण्यांत विरायची ती."

"विरायची?" तो माणूस बाकावर वळूनच बसला. "आमची धोतरं? आणि तुमचं लाँगक्लॉथ काय हो, गाळणं होतं ते! चहा गाळायला न्यायचे लोक!"

"सूत कुठलं लावायचात ते सांगा आधी!"

"तुम्ही ताणे नीट भरा आधी!"

आवाज चढले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. नर्सने दोनदा येऊन "हळू, हळू" म्हटलं. काकांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या आणि डोळे चकाकत होते. नंबर यायला अजून दोन तास तरी होते, आणि अकराच्या सुमारास खाणावळीची माणसं जेवायला यायची. मी म्हटलं, "काका, मी जाऊन येऊ का? मावशी एकटी आहे." त्यांनी माझ्याकडे न बघता हात झटकला. जा, जा. बोलणं तुटेल.

मी जवळजवळ धावतच चाळीत आले. मावशी चुलीजवळ होती, पण लक्ष दाराकडे. मला एकटीला बघून तिचा चेहरा उतरला.

"खय आसत ते? ठेवन घेतले काय?"

"नाही गं. नंबर लागायचा आहे."

"मग तू कित्याक इलंस? एकट्याक सोडलंस? काय करतत ते थंय?"

मला धाप लागली होती. "भांडतायत," मी म्हटलं.

"भांडतत?" मावशीचे डोळे विस्फारले. "कोणावांगडा?"

"पलीकडच्या गिरणीवाल्याशी. कापडावरून. जोरजोरात. नर्सबाई दोनदा ओरडून गेली, तरी ऐकत नाहीत."

मावशीने हातातली पळी खाली ठेवली. "जोरजोरात?" तिने पुन्हा विचारलं.

"अख्खं इस्पितळ ऐकतंय."

ती तशीच उठली. गॅलरीत गेली, आणि पलीकडच्या खोलीच्या दाराशी उभी राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनी, भायर ये गो! माजो घोव इस्पितळात भांडता हा!"